हिपॅटायटिस सी बरा होतो, हे रिपोर्टवर कोण लिहिणार?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टवर कधी ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ असं आलंय, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण विषय शेवटी आपल्या सगळ्यांच्या सवयींपर्यंत येतो.

आधी मुद्द्याचं. हिपॅटायटिस सी आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बहुतेक रुग्णांना १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस, रोज गोळ्या घ्याव्या लागतात. इंजेक्शन नाही, ॲडमिट होणं नाही. शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण बरे होतात. आणि राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला.

तुमच्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? गेल्या महिन्याभरात बातमीच्या निमित्ताने जिथे गेलो तिथे मी हा प्रश्न विचारला. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो हे शाळेतली पोरंही सांगतात. एचआयव्हीची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते हेही लोकांना ठाऊक आहे. हिपॅटायटिस सी म्हटलं की उत्तर येतं, ‘ती पांढरी कावीळ ना? ती कुठे बरी होते!’

घोटाळा या ‘कावीळ’ शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे डोळे पिवळे झाले, लघवी पिवळी झाली की कावीळ. मग गावातला जाणकार गाठायचा. कुणी डोक्यावर माळ घालतं, ती लांबत जाते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं करून दाखवतं. कुणी नाकात थेंब टाकतं. पंधरा दिवसांत माणूस बरा होतो आणि जाणकाराचं नाव होतं. खरं म्हणजे दूषित पाण्यातून होणारे हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेक लोकांत आपोआपच बरे होतात. माळ घातली तरी आणि नाही घातली तरी.

सी चं तसं नाही. तो रक्तातून पसरतो आणि बहुतेकांना डोळे पिवळे होण्याइतकीही खूण देत नाही. थोडा थकवा, थोडी भूक कमी, आणि तेवढं तर उन्हातान्हात काम करणाऱ्या प्रत्येकालाच असतं. लागण झालेल्या दहापैकी साधारण सात जणांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो. वीसेक वर्षांत त्यातल्या काहींचं लिव्हर आकसून कडक होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, लिव्हरचा कॅन्सर. तेव्हा लोक म्हणतात, ‘दारू पीत नव्हता, तरी लिव्हर कसं गेलं?’ ते बऱ्याचदा असं गेलेलं असतं.

आता औषधाची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय आपण काय वाया घालवतोय हे कळणार नाही.

या विषाणूचा शोध लागला १९८९ साली. त्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध लागला तरी चांगला उपाय नव्हता. इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, अंगदुखी, रक्त कमी होणं, केस गळणं, काहींना तर जीव नकोसा होण्याइतकं नैराश्य. लाखो रुपये घालून एवढं सोसलं तरी काही प्रकारच्या विषाणूंत निम्म्याच लोकांना गुण यायचा. अनेकजण कोर्स अर्ध्यात सोडायचे. ‘बरा होत नाही’ ही समजूत त्या काळातली आहे, आणि त्या काळात ती फार चुकीचीही नव्हती.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मंजुरी मिळाली आणि चित्रच पालटलं. हे औषध काय करतं ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पूर्वी छापखान्यात एकेक खिळा जुळवून मजकूर लावत. विषाणूही लिव्हरच्या पेशीत घुसून स्वतःच्या प्रती अशाच जुळवत असतो. सोफोसबुविर म्हणजे त्यात घुसवलेला बनावट खिळा. तो लागला की पुढचं जुळणं थांबतं, प्रत अर्धवट राहते. सोबत डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर हे दुसरं औषध विषाणूच्या दुसऱ्या कामात खोडा घालतं. नव्या प्रती निघत नाहीत आणि जुन्या संपून जातात. हिपॅटायटिस बी चा विषाणू पेशीच्या केंद्रात आपला एक साठा लपवून ठेवतो, म्हणून तो औषधाने दाबला तरी सहसा समूळ जात नाही. सी ला लपायला अशी जागा नाही. म्हणून तो जातो तर पुरता जातो.

किंमत मात्र डोळे फिरवणारी होती. अमेरिकेत १२ आठवड्यांच्या कोर्सला ८४ हजार डॉलर. म्हणजे एक गोळी हजार डॉलरची. तेव्हाच्या दराने कोर्स ५० लाख रुपयांच्या वर. भारतात हे इतकं महाग राहिलं नाही, कारण इथे औषध बनवणाऱ्या कंपन्या आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना उत्पादनाचा परवाना दिला, त्यात मुंबईची सिप्लाही होती. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना बाजारात आणली. पुढे स्पर्धा वाढली, भाव आणखी पडले. जून २०१६ मध्ये पंजाब सरकारने जिल्हा रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले आणि दोन वर्षांनी देशाचा कार्यक्रम आला.

पन्नास लाखांचं औषध पाच वर्षांत सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागलं. औषधांच्या इतिहासात असं वारंवार घडत नाही.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात हिपॅटायटिस सी चे अंदाजे ५५ लाख रुग्ण होते. जगभरातल्या रुग्णांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांचं निदान झालं होतं आणि उपचार मिळाले होते फक्त २० टक्क्यांना. गोळी तयार आहे, पण रुग्ण तिच्यापर्यंत पोचत नाही. का पोचत नाही, हे मला आपल्या जिल्ह्यात फिरताना जे दिसलं त्यावरून सांगतो.

आमच्या ओळखीतला एक टेम्पोचालक. नाव-गाव लिहीत नाही. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. खासगी दवाखान्यात आधीच्या तपासण्या केल्या, त्यात एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं. काउंटरवरून सांगितलं, ‘आमच्याकडे होणार नाही, मोठ्या शहरात दाखवा.’ रिपोर्ट हातात, बस्स. हा काय आजार आहे, कुठे जायचं, बरा होतो का, एक अक्षर नाही. घरी आल्यावर कुणीतरी सांगितलं, ‘हे एड्ससारखंच असतं.’ झालं. ताट-तांब्या वेगळा. लहान पोराला जवळ घ्यायची चोरी. मग मुळी देणाऱ्याकडे चकरा, पथ्य, आणि हर्नियाला पट्टा. यात दीड वर्ष गेलं. शेवटी एका मेडिकलवाल्याने सिव्हिलला जायला सांगितलं. तिथे व्हायरल लोड तपासला, रोज दोन गोळ्या अशा ८४ दिवस घेतल्या, गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा तपासलं. विषाणू नाही. हर्नियाही नंतर सिव्हिललाच झाला. एकूण खर्च काय तर एसटीचं भाडं आणि बुडालेले काही रोज.

ते दीड वर्ष त्याचं वाया गेलं कारण रिपोर्टवर एक ओळ कमी होती.

अशा तीन जागा आहेत जिथे रुग्ण सापडतो आणि लगेच हरवतो.

पहिली, ऑपरेशन आणि बाळंतपणाआधीची तपासणी. तालुक्याच्या गावातही आज रोज एचसीव्हीची चाचणी होते. ती स्टाफच्या सुरक्षेसाठी होते, रुग्णाच्या उपचारासाठी नाही. पॉझिटिव्ह आला की त्याला वेगळं किट, वेगळं बिल, नाहीतर दुसरीकडचा रस्ता.

दुसरी, रक्तदान शिबिरं. आपल्याकडे जयंती असो, गणपती असो की साहेबांचा वाढदिवस, शिबिर असतंच. अभिमानाची गोष्ट आहे. प्रत्येक पिशवीची एचसीव्ही तपासणी बंधनकारक आहे. पॉझिटिव्ह पिशवी नष्ट केली जाते. पण रक्तदात्याचं काय? शिबिराच्या गर्दीत फॉर्म कार्यकर्ता भरतो, मोबाइल नंबरात एखादा आकडा चुकतो, रक्तपेढीचा फोन लागत नाही. तो माणूस पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभा. प्रमाणपत्र आणि हेल्मेट घेऊन घरी जातो, लिव्हर आतून खराब होत राहतं.

तिसरी, डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीनदा रक्त यंत्रातून फिरवून घेणाऱ्या माणसाला या संसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त. तिथे तपासण्या होतात, पॉझिटिव्ह निघाला की मशीन वेगळं केलं जातं. पण त्याला उपचार सुरू झाले का, हे विचारणारं कुणी असेलच असं नाही. ‘आधीच किडनी गेलीय, त्यात हे औषध कशाला’ असं काहीजण म्हणतात. आजची औषधं डायलिसिसच्या रुग्णांनाही देता येतात.

आता रिपोर्टबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ही न कळल्यामुळे फार लोक फसतात. तपासण्या दोन आहेत. पहिली अँटिबॉडीची, शंभर-दोनशे रुपयांची पट्टी. ती फक्त एवढंच सांगते की हा विषाणू कधीतरी तुमच्या शरीरात आला होता. काहींचा तो आपोआप गेलेलाही असतो. आज विषाणू आहे का, हे दुसरी तपासणी सांगते. आरएनए किंवा व्हायरल लोड म्हणतात ती. खासगीत तिला काही हजार लागतात, सरकारी कार्यक्रमात मोफत होते. पहिली पॉझिटिव्ह आली की दुसरी झालीच पाहिजे.

याचाच दुसरा भाग असा की पूर्ण बरा झालेल्या माणसाचीही अँटिबॉडी पुढे बहुतेकदा पॉझिटिव्हच येते. म्हणजे तो टेम्पोचालक उद्या दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला गेला तर पट्टी पुन्हा पॉझिटिव्ह दाखवेल आणि त्याला पुन्हा बाहेर काढतील. म्हणून बरे झालेल्यांनी आरएनए निगेटिव्हचा कागद सातबाऱ्यासारखा जपून ठेवावा. एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१७ साली झाला. हिपॅटायटिसच्या रुग्णाच्या हातात तसा कायदा नाही, निदान कागद तरी असावा.

या विषयावर बोललो की काही डॉक्टर मित्र म्हणतात, ‘अरे, आपल्याकडे याचे पेशंट आहेतच किती? डेंग्यू बघ, टीबी बघ, शुगर बघ.’ मुद्दा खोटा नाही. पंजाब-हरियाणाकडे हा आजार जास्त आहे, आपल्याकडे तुलनेने कमी. पण ५५ लाखांचा आकडा देशाच्या लोकसंख्येत वाटला तर हजारी साधारण चार पडतात. आपल्याकडे त्याच्या निम्मे धरा. दोन लाखांच्या तालुक्यात चारशे माणसं होतात. चारशे माणसं ज्यांना ८४ दिवसांत बरं करता येतं, त्यांना ‘कमी आहेत’ म्हणून सोडायचं? उलट कमी आहेत म्हणूनच काम आवाक्यातलं आहे. शुगर आपण संपवू शकत नाही. हा आजार संपवता येतो.

इजिप्तचं बघा. तिथे एकेकाळी जगात सर्वाधिक प्रमाण होतं, आणि ते सुईनेच पसरलं होतं. पाण्यातल्या गोगलगायींमार्फत होणाऱ्या एका परजीवी आजारावर सरकारने काही दशकं इंजेक्शनची मोहीम चालवली, आणि त्याच त्या काचेच्या सिरिंज नीट न उकळता वापरल्या गेल्या. पुढे त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली, देशातच स्वस्त औषध बनवलं आणि लोकांवर उपचार केले. हिपॅटायटिस सी निर्मूलनाच्या वाटेवर ‘सुवर्ण’ दर्जाचा मान जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सर्वात आधी त्यांना दिला.

पंजाबातून शिकण्यासारखं वेगळं आहे. तिथे लिव्हरच्या सुपरस्पेशालिस्टची वाट पाहिली नाही. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनला चंदीगडच्या पीजीआय संस्थेने शिकवलं, अवघड केसला मार्गदर्शन केलं आणि साध्या केस जिल्ह्यातच बऱ्या केल्या. तरीही बरे होणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर राहिलं. ‘आपल्याकडे तज्ज्ञ नाहीत’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

आता आपल्याकडे येतो, कारण सगळं खापर दवाखान्यावर फोडून चालणार नाही. अंग दुखलं की ‘डॉक्टर, सुई मारा’. अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावा’. गोळी लिहून देणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो. गुजरातमध्ये मोडासा परिसरात २००९ साली हिपॅटायटिस बी ची साथ आली आणि अनेक माणसं गेली. तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं समोर आलं. बी असो की सी, रस्ता तोच. सुई लागलीच तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. जत्रेत एकाच सुईने रांगेने गोंदवून घेऊ नका. कटिंगच्या दुकानात ब्लेड नवं लावायला सांगा. सी वर लस नाही आणि एकदा बरा झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते.

एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, पोराला कडेवर घेतल्याने हा आजार होत नाही. हे घरातल्या बायाबापड्यांना मुद्दाम वाचून दाखवा.

गोळ्यांबद्दलही इशारा देतो. नाव कळलं म्हणून स्वतः मेडिकलमधून घेऊ नका. उपचाराआधी हिपॅटायटिस बी आहे का ते बघावंच लागतं, कारण सी जाताना दबलेला बी उसळू शकतो. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा हृदयाच्या ठोक्यांवरचं ॲमिओडॅरोन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ॲसिडिटीच्या गोळ्याही लपवू नका. दिवस गेले असतील तर ते सांगणं सर्वात महत्त्वाचं. ज्यांना सिरोसिस आधीच झालाय त्यांचा विषाणू गेला तरी कॅन्सरसाठीची नियमित तपासणी सुरूच ठेवावी लागते. आणि कोर्स अर्ध्यावर सोडू नका.

आता माझ्या मागण्या. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आपले लोकप्रतिनिधी यांच्यापर्यंत त्या पोचवायला तुमची मदत लागेल.

१) प्रत्येक सरकारी-खासगी लॅबच्या एचसीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्टवर मराठीत छापावं : ‘हा आजार बरा होतो. पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा रुग्णालयात मोफत.’ सोबत खोली क्रमांक आणि ओपीडीचा वार. शाईचा खर्च सोडून काही लागत नाही.

२) व्हायरल लोडसाठी रुग्णाने जिल्ह्याला जाऊ नये, रक्ताचा नमुना जावा. तालुक्याच्या ठिकाणी रक्त घ्या आणि पाठवा. टीबीसाठीच्या सीबीनॅटवर आणि गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावरही योग्य किट दिलं तर ही तपासणी होते. यंत्रं आहेत, किट द्या.

३) शिबिर घेणाऱ्या मंडळांनी फॉर्मवरचा मोबाइल नंबर जागेवरच मिस्ड कॉल देऊन तपासावा. निरोप थेट रक्तदात्यालाच आणि गुप्तपणे जावा, मंडळाच्या ग्रुपवर नाही.

४) डायलिसिस केंद्रांत पॉझिटिव्ह किती आणि उपचार किती जणांचे सुरू, हा आकडा दर तीन महिन्यांनी जाहीर करावा. नावं नकोत, आकडा पुरे.

५) पॉझिटिव्ह म्हणून ऑपरेशन नाकारणाऱ्या दवाखान्यांशी आयएमएच्या स्थानिक शाखेने बोलावं. काळजी प्रत्येकच रुग्णाच्या रक्ताची घ्यायची असते. स्टाफची भीती मला समजते, पण सगळ्यात सुरक्षित रुग्ण तो, ज्याचा विषाणू औषधाने गेलाय.

देशाने हिपॅटायटिस सी संपवण्यासाठी २०३० साल ठरवलंय. ते दिल्लीत ठरलं असलं तरी होणार इथे, आपल्या तालुक्याच्या लॅबच्या काउंटरवर. दर २८ जुलैला आपण बॅनर धरून फोटो काढतो. यंदा बॅनरसोबत या पाच मागण्यांचं निवेदनही देऊ. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी खाली नुसतं ‘येतो’ लिहा.

आणि ज्यांच्या कपाटात, गादीखाली, देवघरात असा एखादा जुना रिपोर्ट घडी घालून ठेवलाय, त्यांनी इथे काही लिहू नका. लाजू नका, घाबरू नका. तो कागद घ्या आणि या आठवड्यात सिव्हिल गाठा. ओपीडीत फक्त एवढंच म्हणा, ‘हिपॅटायटिस सी चा व्हायरल लोड करायचाय.’ पुढचा रस्ता ८४ दिवसांचा आहे.